बुधवार आणि रविवार

मागच्या महिन्यात मी पालक म्हणून एका कॉलेजात जाऊन आले. माझी मुलगी अजून सीनियर केजीत आहे, मी गेले होते मावसभावासाठी. तो टीवायबीकॉमला, म्हणजे बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दादरच्या बाजूला. त्याचं नाव डिफॉल्टर लिस्टवर लागलं होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की नोटीस बोर्डावर नावांची यादी लागते, मग पालकांना घेऊन या, हमीपत्र लिहून द्या, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही. मावशीचे गुडघे गेलेत आणि काकांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आल्यापासून ते घरातच असतात, म्हणून मावशीने मला फोन केला, अगं तूच जाऊन ये, तुला त्या लोकांशी बोलता येतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका वर्गात आम्हा सगळ्या पालकांना बाकांवर बसवलं होतं. एक जण बेस्टच्या खाकी कपड्यात होते, ड्युटीवरून तसेच आले असणार, त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी मान खाली घालून. एकेकाला टेबलाजवळ बोलवत होते. आमचा नंबर आला तेव्हा सरांनी रजिस्टर उघडून ५८ टक्क्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, काय रे, प्रॉब्लेम काय आहे तुझा? सकाळच्या पहिल्या लेक्चरला तर तू दिसतच नाहीस. हा म्हणाला, सर तब्येत बरी नव्हती, आणि खिशातून घडी केलेलं मेडिकल सर्टिफिकेट काढलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. एवढ्या उकाड्यात त्याने शर्टाचं गळ्यापर्यंतचं शेवटचं बटणसुद्धा लावलं होतं, आणि कॉलरच्या आतून काळ्या टी-शर्टची कड जराशी दिसत होती. त्याच्या दुकानाचा युनिफॉर्म आहे तो. कॉलेजातून थेट कामावर जायचं म्हणून सकाळी आत घालूनच निघतो आणि कोणाला दिसू नये म्हणून वरचं बटण लावतो.

मी काही बोलले नाही. सरांना सांगावंसं फार वाटत होतं, पण त्याने टेबलाखालून माझा हात दाबला. हमीपत्रावर सही केली आणि आम्ही खाली आलो.

जिन्यात विचारलं, कामाचं का नाही सांगितलंस? तर म्हणाला, ताई, सांगून काय होणारे, मागच्या वर्षी एका मुलाने सांगितलं होतं तर त्याला म्हणाले मग एक काहीतरी कर, काम तरी कर नाहीतर कॉलेज तरी कर. आणि दुकानात? दुकानात तर त्याने शिकतोय हेच सांगितलेलं नाही, कारण शिकणारा पोरगा म्हटलं की परीक्षा आली की सुट्ट्या मागणार, कन्फर्म करत नाहीत. तिकडे सांगितलंय की बारावीनंतर सोडलं. म्हणजे कॉलेजात नोकरी लपवायची, नोकरीवर कॉलेज लपवायचं आणि घरी गेल्यावर थकलोय हे लपवायचं, कारण ते दिसलं की मावशी रडते आणि काका भिंतीकडे तोंड करून झोपतात. वीस वर्षांचा मुलगा आहे हो.

स्टेशनबाहेर चहा घेतला आणि हमीपत्राच्या झेरॉक्सच्या मागच्या बाजूला आम्ही दोघांनी मिळून त्याचा आठवडा लिहून काढला. माझीच आयडिया, मी अकाउंट्समध्ये आहे, मला कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय कळत नाही. सोमवार ते शनिवार ७.१० ते १२.३० कॉलेज. मग दादरहून लोअर परळ, दीडला दुकान, बुटांचं शोरूम आहे मॉलमधलं, रात्री दहाला शटर पडतं पण स्टॉक मोजून, बिलं जुळवून निघेपर्यंत साडेदहा. तिथून डिलाईल रोड, करी रोडचा पूल, लालबाग करत चालत काळाचौकी, अकरा वाजतात. जेवण, अंघोळ. बारा ते दीड सबमिशनचं लिहायचं नाहीतर वाचायचं. पावणेसहाचा अलार्म. झोप सव्वाचार तास, तीही पडल्या पडल्या लागली तर.

म्हटलं, आणि सुट्टी? तो म्हणाला, दुकानाचा वीकली ऑफ बुधवारी असतो, शनिवार-रविवार गर्दीचे दिवस, तेव्हा कोणालाच ऑफ देत नाहीत. आणि कॉलेजला सुट्टी रविवारी. रविवारी तो सकाळी अकरापासून दुकानात आणि बुधवारी सकाळपासून कॉलेजात. कागदावर मी बुधवार आणि रविवार दोन्हीला गोल केला आणि मग लक्षात आलं की सातही दिवस भरलेत, ज्या दिवशी उठून कुठेच जायचं नाही असा एकही दिवस त्याच्या आठवड्यात नाहीये. वर्षभर तो असाच चाललाय. पहिल्या लेक्चरला दिसत नाही म्हणजे काय तर कधीकधी अलार्म त्याला ऐकू येत नाही, एवढंच.

मला हे सगळं इतकं लागलं कारण मी हे केलंय. तेरा-चौदा वर्षं झाली. मी शिकत होते एका कॉलेजात आणि झेरॉक्सच्या दुकानात काम करायचे ते दोन स्टेशनं सोडून दुसऱ्याच कॉलेजच्या समोर, मुद्दाम, की आपल्या वर्गातलं कोणी दिसायला नको. पगार महिना ३,५०० रुपये. मशीनच्या बाजूला उभं राहून राहून उजवा हात कायम गरम असायचा, टोनरचा तो वास केसांत बसायचा, आणि रीम फोडून कागद मशीनमध्ये घालायच्या आधी अंगठ्याने फर्रकन मोकळे करायचे, नाहीतर दोन-दोन चिकटून जातात आणि पेपर जॅम, तो आवाज अजून मला झोपेत ओळखता येईल. बॅक टू बॅक, स्पायरल, मायक्रो झेरॉक्स, सगळं यायचं.

आता त्यातली गोची अशी, की कॉलेज वेगळं असलं तरी युनिव्हर्सिटी एकच, परीक्षा एकाच वेळी. झेरॉक्सवाल्याचा सीझन म्हणजे परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस. जेव्हा मला सुट्टी हवी असायची नेमकी तेव्हाच दुकानात उभं राहायला जागा नसायची. मालकांना आम्ही काका म्हणायचो, वाईट माणूस नव्हता, पण सीझनला सुट्टी नाही म्हणजे नाही. मी दिवसभर दुसऱ्यांच्या नोट्स काढून द्यायचे, कोणाचं अक्षर कसं, कोणत्या क्लासच्या नोट्समध्ये काय असतं सगळं मला पाठ, एखादी पोरगी म्हणायची ताई प्लीज लवकर द्या ना उद्या इकोचा पेपर आहे, आणि उद्या माझाही इकोचा पेपर असायचा. ती पानं मशीनमधून बाहेर येताना जेवढी वाचून होतील तेवढी मी वाचायचे. एक पान बाहेर यायला दोन-तीन सेकंद. हेडिंग वाचून व्हायचं. त्या पोरीचा राग यायचा का? नाही यायचा, पण पोटात खोल काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं, आणि मग रात्री पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची पण डोक्यात शिरायची नाहीत, पुन्हा पुन्हा तीच ओळ. मला वाटायचं आपण ढ आहोत. कोणीतरी तेव्हा मला सांगायला हवं होतं की दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, आणि या वयाला सात ते नऊ तास झोप लागते, तू चार तास झोपतेस तर लक्षात कसं राहील. हे मला फार नंतर कळलं, मुलीच्या वेळी रात्र रात्र जागून डोकं चालेनासं झालं तेव्हा डॉक्टर बाईंनी सांगितलं. वीस वर्षांची असताना मी ते सगळं माझ्या हुशारीच्या खात्यात मांडून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या एक मॅडम दुकानात आल्या. त्या तिथे जवळच राहायच्या हे मला माहीत असतं तर मी तिथे काम धरलंच नसतं. मी खाली वाकले, स्टेपलर शोधल्यासारखं केलं, पण काकांनीच हाक मारली, अगं बघ यांना काय हवंय. मॅडमनी कागद दिले, पैसे दिले, नेहमीसारखं थँक्यू म्हणाल्या आणि गेल्या. रात्रभर मला टेन्शन. दुसऱ्या दिवशी लेक्चर संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि फक्त एक विचारलं, दुकानातून किती वाजता सुटतेस? मी म्हटलं साडेनऊ, आणि जायचं असतं बाराला. बरं, म्हणाल्या. आठवड्याने प्रोजेक्टच्या व्हायवाचं, म्हणजे तोंडी परीक्षेचं टाइमटेबल लागलं, माझा रोल नंबर बघता माझा व्हायवा दुपारी तीनच्या पुढे यायला हवा होता. माझं नाव साडेदहाला होतं. त्या कधी काही बोलल्या नाहीत, मीही नाही. मला समजावून सांगणारी, धीर देणारी माणसं त्या तीन वर्षांत पुष्कळ भेटली, वेळ बदलून देणाऱ्या त्या एकट्या.

ब्लॅकबुकचं तर सांगायलाच हवं. टीवायच्या प्रोजेक्टला काळं हार्ड बाइंडिंग आणि त्यावर सोनेरी अक्षरं लागतात, आमच्या दुकानात त्या सीझनला शंभराच्या वर ब्लॅकबुकं बांधून गेली, मी स्वतः नावांची स्पेलिंगं तपासून दिली, आणि माझं छापलेलं प्रोजेक्ट बॅगेत तसंच पडून, बाइंडिंगला टाकायला सवड नाही. शेवटच्या दिवशी काकांनी माझ्या बॅगेतून डोकावणारे कागद बघितले. कोणाचं आहे हे? माझं म्हटल्यावर काही न बोलता घेतलं, दुकान बंद झाल्यावर स्वतः बांधलं, पैसे घेतले नाहीत. त्यांना इतके दिवस वाटत होतं मी एक्स्टर्नल भरते, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षा देते. मीच तसं सांगितलेलं. म्हणजे ज्यांच्यापासून मी लपवत होते ते एवढे काही वाईट नव्हते, हे मला कळलं ते सगळं संपल्यावर.

आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, गिरणीत होते. संगमेश्वरकडून आलेले, काळाचौकीच्या ज्या खोलीत आज मावशी राहते तीच त्यांची. त्यांनी नाइट स्कूलला जाऊन मॅट्रिक केली होती. आई सांगते की ते ज्या खानावळीत जेवायचे तिथल्या बाईंना सगळं माहीत असायचं, कोण पाळीवर, कोण शाळेला, शाळेवाल्यांचं ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि पेपर असला की दोन चपात्या जास्त. गाळ्यातली बाकीची माणसं पाळी बदलून द्यायची. आजोबा खूप थकत असणारच, सांच्याचा, म्हणजे गिरणीतल्या मागाचा आवाज कानात घेऊन व्याकरण शिकायचं म्हणजे काय खायचं काम आहे, पण त्यांना हे कोणापासून लपवावं लागलं नाही. उलट गावच्या पत्रात अभिमानाने लिहायचे.

आणि हे काही फक्त आमच्या आजोबांचं कौतुक नाही. आपल्याकडे शाळाकॉलेजनेच आपली वेळ बदलायची पद्धत होती. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली, कारण ती माणसं दिवसा येऊच शकत नव्हती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, की नोकरी करणारी पोरं शिकून ऑफिस गाठतील. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतमध्ये, १९१९ पासूनची संस्था ती, कमवा आणि शिका ही योजनाच होती, काम हे शिक्षणाच्या आत होतं, स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद. या सगळ्या लोकांनी आधी शिकणारा माणूस दिवसभर काय करतो ते बघितलं आणि मग घंटा कधी वाजवायची ते ठरवलं. आजचं सकाळचं कॉलेज त्याचंच पुढचं रूप म्हणा, पण सकाळचं कॉलेज का सुरू झालं हेच आता विसरायला झालंय असं मला त्या दिवशी त्या वर्गात बसून वाटलं. ७.१० ला लेक्चर आहे, पण ७.१० ला न आलेल्या पोराला तू रात्री कुठे होतास असं विचारणारं कोणी नाही.

त्याऐवजी काय होतं, तर टाइम मॅनेजमेंटवर सेमिनार होतात. मावसभावाच्या कॉलेजातही झाला. त्यात सांगितलं की मोबाइल कमी बघा, दिवसाची यादी करा, सकाळी ध्यान करा. चांगलंच आहे ते, पण त्याचा आठवडा मी लिहून बघितलाय, त्यात मॅनेज करायला टाइमच नाहीये. ताण त्याच्या स्वभावात नाही, वेळापत्रकात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून आपल्या यादीत जागा दिली, पण ती व्याख्या फक्त नोकरीपुरती आहे. मग याचं काय धरायचं? बिल जुळलं नाही म्हणून मॅनेजर ओरडतो तो ताण नोकरीतला, आणि त्याच वेळी खिशात उद्याच्या इंटर्नलचं टाइमटेबल आहे तो ताण कशातला? त्याच्या छातीवर तर एकच दगड आहे.

छातीवर दगड हे त्याचेच शब्द. चहा पिताना अगदी सहज म्हणाला, ताई कधीकधी करी रोडच्या पुलावर मी पाच मिनिटं उभा राहतो, चालवत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, मग जातं. माझा चहा तिथेच राहिला. मी त्याला सरळ विचारलं, वाईटसाईट विचार येतात का रे मनात? नाही म्हणाला, आणि मला वाटतं खरं बोलला, पण हे विचारायला आपण घाबरतो तसं घाबरू नये, विचारल्याने काही होत नाही, उलट तो त्यानंतर जास्त मोकळा बोलला. आधी त्याला डॉक्टरकडे नेलं, ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मग समुपदेशकाचं विचारलं. कॉलेजात आहेत म्हणाला, सुप्रीम कोर्टानेही २०२५ च्या जुलैमध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत एक तरी प्रशिक्षित समुपदेशक हवा. पण त्यांच्या कक्षाची वेळ एक ते चार. एक वाजता हा दादर स्टेशनच्या पुलावर असतो, हातात वडापाव. मग मी त्याच्या फोनमध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर सेव्ह करून दिला, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री एक वाजताही लागतो, हे महत्त्वाचं, कारण याला वेळ मिळतो तो तेव्हाच. त्याने केला का फोन ते मी विचारलेलं नाही.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्याच्या मागे लागले, सरांना खरं सांग. चार दिवस टाळत होता. शेवटी गेला, आणि मला मेसेज केला, सांगितलं. संध्याकाळी त्याच्या ब्रेकमध्ये फोन केला तर म्हणाला, सर आधी गप्पच बसले, मग म्हणाले दुकानाचं लेटर आण, मी प्रिन्सिपलांना दाखवतो. आता लेटर कुठून आणणार, दुकानात तर माहीतच नाही. तेही त्याने सरांना सांगून टाकलं. मग सरांनी टाइमटेबल काढलं, दोन दिवस सकाळचं पहिलं लेक्चर कॉस्टिंगचं, तेच दुसऱ्या डिव्हिजनला सोमवारी आणि गुरुवारी पावणेअकराला असतं आणि त्या वेळी याला लेक्चर नसतं. तिथे बसत जा, हजेरी मी इकडे धरीन, असं म्हणाले. आठवड्यातून दोन दिवस तास-तासभर जास्त झोप. बाकी काही बदललेलं नाहीये, दुकानात अजून त्याने सांगितलेलं नाही, दिवाळीच्या सीझनला परीक्षा आली की काय करायचं हे त्याला माहीत नाही आणि मलाही नाही. सर निघताना एवढंच म्हणाले, आधी का नाही बोललास रे? याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे आहे, पण ते सांगायला मला त्या वर्गात पुन्हा जावं लागेल, आणि पुढच्या पालकसभेला मी जाणार आहे.

या बुधवारी कॉलेजला कसली तरी सुट्टी आली, त्याचा वीकली ऑफही बुधवारचाच. मी सकाळी ऑफिसला जाता जाता काळाचौकीला उतरले, मावशीला औषधं द्यायची होती. दारातच मावशीने तोंडावर बोट ठेवलं. आतल्या कोपऱ्यात हा पालथा झोपला होता, अंगावर काकांची चादर, आणि काका खुर्चीत बसून चांगल्या हाताने त्याच्या पायाशी येणाऱ्या उन्हावर पडदा ओढत होते. गॅसवर पातेल्यात भात रटरटत होता. मी हळूच विचारलं, कुकर बिघडला का गं? मावशी म्हणाली, नाही गं, शिटीने उठेल ना तो.